सुझोऊहून आलेली गाण्यांची यादी

चिनी गाणी ऐकायला कुठलं ॲप घ्यावं, हा प्रश्न माझ्यापुढे दोनदा आला. पहिल्यांदा चीनमध्ये राहत असताना, तेव्हा तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सुटला. दुसऱ्यांदा पुण्यात परतल्यावर आला, आणि त्यात माझा सबंध हिवाळा गेला. त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे, पण त्याआधी सुझोऊबद्दल थोडं सांगायला हवं.

२०१७च्या फेब्रुवारीत कंपनीनं मला सुझोऊला पाठवलं. शांघायपासून आगगाडीनं अर्ध्या तासावरचं गाव, कालव्यांचं, बागांचं आणि रेशमाचं. काम यंत्रांच्या सुट्या भागांच्या तपासणीचं होतं. भाषा जेमतेम यायची. त्या महिन्यात ऑफिसात जो तो एकच गाणं गुणगुणत होता, झाओ लेईचं छंगदू शहरावरचं. गिटार आणि साधा आवाज, शब्दही बेताचे. मला त्यातला 'छंगदू' एवढाच शब्द कळायचा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं माझा फोन घेतला आणि त्यात ॲप टाकून दिलं. झाली माझी पहिली निवड.

पुढे लक्षात आलं की तिकडे हा विषय इतका सरळ नाही. टेन्सेंट कंपनीची तीन मोठी ॲपं आहेत, क्यूक्यू म्युझिक, कुगोउ आणि कुवो. समोर नेटईझचं क्लाउड म्युझिक, २०१३ साली सुरू झालेलं. २०१५पर्यंत चीनमध्ये गाणी परवान्याशिवायच सर्रास फिरत होती. त्या वर्षी सरकारनं बडगा उचलला आणि वेगवेगळ्या सेवांना मिळून २२ लाखांवर गाणी काढून टाकावी लागली. मग कंपन्यांनी गाण्यांचे हक्क एकट्यासाठी विकत घ्यायचा सपाटा लावला. कुठला गायक कुठल्या ॲपवर, हे लोकांना पाठ असायचं. २०१८च्या फेब्रुवारीत दोन्ही बड्या कंपन्यांनी आपापल्या खास गाण्यांपैकी ९९ टक्के एकमेकांना द्यायचं ठरवलं. पण ज्याच्यावर सगळ्यांचा जीव, तो तैवानचा जे चाऊ उरलेल्या एका टक्क्यात राहिला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून त्याची गाणी नेटईझवरून गेली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी तोच विषय. मग बहुतेकांनी केलं ते मीही केलं, फोनमध्ये दोन ॲपं ठेवली. एकट्यानं हक्क अडवून ठेवायचा हा प्रकार सोडा, असा हुकूम सरकारनं टेन्सेंटला २०२१च्या जुलैत दिला, पण तोवर मी तिथे नव्हते.

नेटईझचं ॲप मला आवडलं ते गाण्यांखालच्या मजकुरामुळे. तिथे प्रत्येक गाण्याखाली लोक लिहितात, आणि गाण्याबद्दल कमी, स्वतःबद्दल जास्त. कुणाची उद्या प्रवेशपरीक्षा असते, कुणाचे वडील गेलेले असतात, कुणी रात्रपाळीवरून परतताना बसमध्ये तेच गाणं ऐकत असतं. २०१७च्या मार्चमध्ये अशा मजकुरांपैकी निवडक ८५ मजकूर हांगझोऊच्या मेट्रोत, डब्यांमध्ये आणि स्टेशनच्या भिंतींवर, लाल रंगात लावले होते. मी चिनी वाचायला शिकले ती बरीचशी तिथेच. पाठ्यपुस्तकातलं 'आपलं नाव काय' संपलं की पुढचं चिनी अशाच ठिकाणी भेटतं. रोज रात्री एक गाणं आणि त्याखालचे पाच मजकूर, शब्दकोश उघडा ठेवून. दोन वर्षं हा नेम मोडला नाही.

आणि शेजारच्या आयी होत्या. चिनीत मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द केवढा जवळचा वाटतो, ते परक्या गावात एकटं राहिल्यावरच कळतं. आयी रेशमाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. दुपारी त्यांच्या घरातून रेडिओवरचं फिंगथान ऐकू यायचं. फिंगथान म्हणजे सुझोऊचं कथागायन. छोट्या टेबलाच्या एका बाजूला पुरुष, सानश्येन हे तीन तारांचं वाद्य घेऊन, दुसऱ्या बाजूला बाई, पीपा हे चार तारांचं वाद्य घेऊन. सुझोऊच्या बोलीत गोष्ट सांगायची, मध्येच पात्रांचे आवाज काढायचे, मध्येच गायचं. एक गोष्ट रोज दोन दोन तास करत पंधरवडाभर चालते. कीर्तनातलं आख्यान ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गायकीच्या शैलींना ते 'तिआव' म्हणतात, आणि ती शैली ज्यानं घडवली त्याच्या नावानं ती ओळखली जाते. जियांग युएछ्वान यांची जियांग-तिआव, श्यू लीश्येन यांची ली-तिआव. आयींना मी सांगितलं की आमच्याकडे याला घराणं म्हणतात. त्यांना तो शब्द आवडला. "खा-ला-ना," त्यांनी तीनदा म्हणून बघितलं.

रविवारी त्या मला जुन्या गावात, फिंगजियांग रस्त्यावर न्यायच्या. त्याच्या बाजूच्या एका गल्लीत फिंगथानचं संग्रहालय आहे आणि जवळच खुनछू नाट्यगायनाचंही. चहाचा पेला पुढ्यात घेऊन आम्ही ऐकत बसायचो. मला बोली कळायची नाही. आयी कानाशी लागून दर दोन ओळींनी साध्या चिनीत अर्थ सांगायच्या.

२०२०च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीला पंधरा दिवसांसाठी घरी आले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. परत जाणं झालंच नाही. उन्हाळ्यात कंपनीनं तिथलं काम संपल्याचं कळवलं.

पुण्यात पोचल्यावर आठवड्याभरातच माझ्या एका ॲपमधली गाणी राखाडी दिसू लागली. नावं होती, चित्रं होती, बोट ठेवलं की 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही'. गाण्यांचे हक्क देशागणिक विकले जातात, हे तोवर कधी ध्यानात घेतलं नव्हतं. राहत्या जागेवरून आपली गाणी ठरतात. सहाशेच्या वर गाण्यांची माझी यादी होती, तिच्यातली चाळीसेक जिवंत राहिली. पैसे भरून पाहावे तर तिथल्या बँकेचं खातं बंद झालेलं. पासवर्ड बदलावा तर तो तिथल्या मोबाइल नंबरवर येणार, आणि तो नंबर मी भरणा न केल्यामुळे गेलेला. मग २९ जूनला भारत सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात वीचॅट होतं आणि क्यूक्यू म्युझिकही होतं. गाण्यांचं दुःख तेव्हा दुय्यम वाटलं, कारण वीचॅटबरोबर आयी गेल्या. आमच्या दोघींकडे एकमेकींशी बोलायला दुसरं साधन नव्हतं.

त्यांचं शेवटचं असं जे माझ्याकडे आलं, ते नोव्हेंबरात. माझ्या भाड्याच्या घरातलं सामान कंपनीनं मागवून घेतलं होतं आणि ते भरायला आयी स्वतः गेल्या होत्या. खोक्यात माझे कपडे आणि पुस्तकं होती. वर चार सीडी होत्या, त्या माझ्या नव्हत्या. सीडींवर रबरानं बांधलेला एक कागद, निळ्या शाईत सहा गाणी, प्रत्येकापुढे गाणाऱ्याचं किंवा वाजवणाऱ्याचं नाव. खाली एवढंच की घरी गेल्यावरही ऐकत जा.

तेव्हा ठरवलं की ही सहाही गाणी मिळतील असं काहीतरी शोधायचं. त्यात माझी चार घातली, दहाची यादी झाली. आणि इथेच मला पटलेली गोष्ट सांगते. कुठलीही सेवा 'आमच्याकडे इतके कोटी गाणी' असं सांगते तो आकडा आपल्या काही कामाचा नाही. आपली दहा गाणी काढावीत आणि प्रत्येक ठिकाणी तीच शोधावीत. ती सोपी नसावीत. थोडी लोकप्रिय, थोडी जुनी, एकदोन अगदी आडवळणाची.

आयींच्या सहांत तीन फिंगथान होती, एक खुनछू, एक डंग लीज्युनचं आणि एक आबिंगचं. डंग लीज्युन म्हणजे तैवानची गायिका, बाहेर तेरेसा तंग म्हणून माहीत असलेली. आयींच्या तरुणपणी तिच्या कॅसेट चोरून ऐकत. दिवसा थोरल्या डंगचं ऐकायचं आणि रात्री धाकट्या डंगचं, असं तेव्हा म्हणत. थोरला डंग म्हणजे नेते डंग श्याओफिंग. आबिंग हे सुझोऊशेजारच्या वूशीचे अंध वादक, रस्त्यावर अर्हू हे गजानं वाजवायचं दोन तारांचं वाद्य वाजवत फिरायचे. १९५० साली यांग यिनलिऊ या संगीतअभ्यासकानं तारेवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रानं त्यांच्या सहा रचना टिपल्या. तीन अर्हूवरच्या, तीन पीपावरच्या. त्याच डिसेंबरात आबिंग गेले. झऱ्यात पडलेल्या चंद्रबिंबावरची त्यांची रचना आज चीनमध्ये लहान मुलंसुद्धा वाजवतात, पण आयींनी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, आबिंगनं स्वतः वाजवलेलं.

माझ्या चारांत झाओ लेई, जे चाऊ, रॉक गाणारा त्स्वी ज्येन आणि गुछिनवरचं 'वाहतं पाणी'. गुछिन हे सात तारांचं प्राचीन वाद्य. ग्वान पिंगहू यांनी वाजवलेली ही साडेसात मिनिटांची रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे, आणि त्या तबकडीवरची ती सगळ्यांत लांब रचना आहे.

डिसेंबरपासून कामाला लागले. केकेबॉक्स आणि जूक्स ही दोन नावं चिनी गाण्यांसाठी सगळे घेतात. केकेबॉक्स मूळ तैवानचं, जूक्स टेन्सेंटनं चीनबाहेरच्या लोकांसाठी काढलेलं. दोन्ही भारतात नाहीत. उरल्या त्या इथे सगळ्यांना माहीत असलेल्या सेवा. तेव्हा महिन्याला ९९ ते ११९ रुपये पडायचे, त्यामुळे पैशाचा प्रश्न फारसा नव्हता. एकेक घेतली, सुरुवातीचा फुकटचा काळ वापरला, वहीत रकाने आखले. कुठे काय बिनसलं ते सांगताना नावं घेत नाही. या गोष्टी सहा महिन्यांत बदलतात आणि कुणावर कायमचा शिक्का मारायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात कळलं की खरी अडचण गाणं नसण्याची नाही, नाव नसण्याची आहे. डंग लीज्युन हे नाव तीन अक्षरांचं. चीनमध्ये ती सोप्या केलेल्या लिपीत लिहितात, तैवानमध्ये जुन्या. तीनपैकी दोन अक्षरं वेगळी दिसतात. एका सेवेत मी सुझोऊत शिकलेली अक्षरं टाकली तर कुणा भलत्याच गायिकेनं म्हटलेली तिची गाणी आली. जुन्या लिपीत टाकल्यावर खरी आली, इंग्रजी नाव टाकल्यावर आणखी वेगळी. एकाच बाईची तीन पानं, तिन्हींवर निरनिराळी गाणी. ग्वान पिंगहू आणि आबिंग यांची अक्षरं दोन्ही लिप्यांत सारखीच, म्हणून तिथे हा घोळ झाला नाही. पण दुसऱ्या सेवेनं चिनी नावं काढून सगळं रोमन लिपीत घातलं होतं, तेही सुरांच्या खुणांशिवाय. चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो. आपल्याकडे रोमन लिपीत 'पान' लिहिलं की पण की पान ते कळत नाही. तिथे तर एकेका उच्चारामागे पाचपंचवीस अक्षरं उभी असतात. फिंगथानच्या एका संचात चोवीस गाणी होती, गाणारा म्हणून सगळ्यांपुढे 'विविध कलाकार'. ज्या कलेत शैलीच माणसाच्या नावानं चालते, तिथे नाव पुसलं म्हणजे काय उरलं? बालगंधर्वांच्या पदापुढे कुणी 'विविध कलाकार' लिहिलं तर आपल्याला कसं वाटेल?

शब्द दिसतात की नाही, हाही माझा एक रकाना होता. मंदारिनमधली, म्हणजे प्रमाण चिनीतली, आजची गाणी चाल लावताना बोलण्यातला सूर बहुधा सोडून देतात, त्यामुळे नुसतं ऐकून शब्द ओळखणं शिकणाऱ्याला अवघड जातं. अक्षरं समोर हवीत. खुनछूत उलट आहे, तिथे चालच शब्दाच्या सुरावरून बांधतात. झाओ लेई आणि जे चाऊ यांचे शब्द दोन सेवांत ओळीला ओळ जुळवून आले. फिंगथानचे शब्द कुठेच नाहीत, त्याची अपेक्षाही नव्हती.

आवाजाचा दर्जा मी गुछिनवर पारखला. रात्री साडेअकराला पिंपळे सौदागरच्या आमच्या गल्लीतली वाहनं थांबली की इयरफोन लावायचे. ग्वान पिंगहू यांच्या वाद्याला रेशमी तारा होत्या. तार छेडून झाली, नाद विरला, तरी डाव्या हाताचं बोट तारेवरून सरकतच राहतं. त्या घासण्याचा बारीक सुस्कारा ऐकू येतो, आणि संपलेल्या नादाची मींड त्या सुस्काऱ्यातून पुढे चालते. जाणकार त्याच्याचसाठी ऐकतात. एका सेवेच्या फुकटच्या दर्जात तो सुस्कारा पुसला गेला होता. मधे मधे शांतताच. पैसे भरून दर्जा वाढवल्यावर तो परत आला. मध्यावर जिथे पाणी खळाळतं, तारांवरून बोटांचे फराटे एकामागून एक येतात, तिथे मी तीच दीड मिनिटं चार सेवांवर पाळीपाळीनं ऐकली. ऐकताना वही बाजूलाच राहायची.

जानेवारीअखेर हिशेब मांडला. आठ गाणी मिळवून देणारी एक सेवा होती, सात देणाऱ्या दोन. यूट्यूब म्युझिकवर लोकांनी आपणहून चढवलेली जुनी ध्वनिमुद्रणं सापडतात, आबिंगचं १९५०चं वादन मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं. तारेवरची खरखर, आणि तिच्यामागे तो अर्हू. आयींनी 'स्वतः वाजवलेलं' असं का लिहिलं ते पहिल्या मिनिटात कळलं. नंतरच्या वादकांचं वादन गोड आहे. आबिंगचं तसं नाही, त्याच्यात चाल आहे, रस्त्यानं चालणाऱ्या माणसाची.

शेवटी पैसे भरले ते ॲपल म्युझिकचे, आणि कारण असं होतं की आधी ते माझ्या रकान्यांत नव्हतंच. संगणकावर त्यात आपल्या सीडींमधली गाणी घालता येतात, ती मग फोनवरही येतात. शिवाय आपल्या संग्रहातल्या गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव स्वतः बदलून लिहिता येतं. माझा प्रश्न नावांचा होता, त्यावर हा उपाय होता. सीडी वाचणारं यंत्र मागवलं आणि आयींच्या चारही सीडी दोन रविवारांत आत घेतल्या. त्या स्थानिक सीडी, नावं आपोआप आली नाहीत. एक, दोन, तीन असे नुसते आकडे आले. वेष्टनावरून पाहून मी नावं भरत गेले. तिसऱ्या सीडीचं वेष्टन ओलाव्यानं चिकटून फाटलं होतं, तिच्यातली पाचसहा तशीच राहिली.

आयींच्या यादीतलं पहिलं गाणं श्यू लीश्येन यांचं होतं, मूलानवरचं, बापाच्या जागी सैन्यात गेलेल्या मुलीचं. ते मला दुसऱ्या एका सेवेवर आधीच मिळालं होतं, स्वच्छ आवाजात, त्यांच्याच नावानिशी. दोन वर्षं मी तेच ऐकत होते. तिसऱ्या सीडीवरही तेच गाणं होतं, 'ट्रॅक ०९'. आवाज जरा दबलेला, मागे घुसमट, म्हणून ते दुसऱ्या कुणाचं असावं असं मी धरून चालले होते.

२०२३च्या उन्हाळ्यात एका अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर फोन आला. नंबर सिंगापूरचा. आयींची मुलगी तिथे असते, आयी नातवाला सांभाळायला आल्या होत्या, आणि माझा नंबर जुन्या ऑफिसातून त्यांनी खटपट करून मिळवला होता. साडेतीन वर्षांनी आवाज ऐकला. जेवलीस का, हे पहिलं. मग बराच वेळ दोघींनाही बोलता येईना. मग त्यांनी विचारलं, कागद मिळाला का, ऐकतेस का.

मी संगणकावर मूलान लावलं, ते स्वच्छ आवाजातलं. दोन ओळी झाल्या असतील नसतील, आयी म्हणाल्या, "या त्या नव्हेत. शैली त्यांची आहे, ही पुढची कुणीतरी आहे. बघ, शेवटचा शब्द लांबवते. त्या लांबवत नाहीत, सोडून देतात."

"नाव तर त्यांचंच लिहिलंय, आयी."

"लिहू दे. तिसरी तबकडी लाव."

मी 'ट्रॅक ०९' लावलं. पलीकडे नातवाची गडबड चालली होती, ती मुलीनं थांबवली. आयींनी पूर्ण ऐकलं. मधे एकदा त्याही गुणगुणल्या, सुझोऊच्या बोलीत. शेवटचा शब्द खरंच सोडून दिला होता, हातातली ओंजळ उघडावी तसा.

मग त्यांनी मला नाव लिहायला सांगितलं. ती अक्षरं मला येत होती. तरी त्या एकेक सांगत गेल्या आणि मी त्यांच्यामागून टाकत गेले. श्यू, डाव्या बाजूला दोन माणसं असलेलं. ली, सुंदर. श्येन, एक माणूस आणि त्याच्या शेजारी डोंगर.